ऊसतोडीवरून परतलेली तिसरी-चौथीची लेकरं: कुठं बसवायची, कुठून सुरू करायचं?

शिरोळचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार. मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि बीड जिल्ह्यात आलो. धारूरच्या पलीकडं डोंगरपट्टीत एका वस्तीवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे, तिथं शिक्षणसेवक आहे. शाळा दोनशिक्षकी. दुसरे सर मुख्याध्यापकाचं काम बघतात, त्यामुळं बैठका, मतदारयाद्या, तांदळाचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती यातून ते वर्गात कमीच सापडतात. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. पण बहुतेक दिवशी चार वर्ग, एक खोली आणि मी, असं चालतं. दुसऱ्या खोलीत पोती आणि मोडकी बाकं.

दिवाळी झाली तसा पट निम्म्यावर आला. हजेरीवर ३८ नावं, समोर सतरा-अठरा लेकरं, तीही बहुतेक आजी-आजोबांजवळ राहिलेली. तेवढ्यांची घडी बसली होती. आता शिमगा होऊन गेला, कारखाने बंद व्हायला लागलेत. एखादा ट्रॅक्टर रात्री वस्तीवर येतो आणि सकाळी परिपाठाला दोन-तीन नवी तोंडं दारात उभी. नवी म्हणजे जुनीच, पण उन्हानं काळवंडलेली, आणि आत यावं की नाही अशी.

तिसरीतला एक मुलगा सप्टेंबरात दोन-तीन अक्षरी शब्द वाचत होता. परवा 'घ' आणि 'ध' मध्ये अडकला. बाकीची हसली, तेव्हापासून तोंड उघडत नाही. चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येते. हंगामभर तिनंच त्याला सांभाळलं म्हणे. आणि संकलित चाचणी तोंडावर आली आहे.

सर म्हणतात, तिसरीच्या त्या पोराला पहिलीत बसव, पाया पक्का होईल. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करू हेही सुचत नाही. आमच्या गावाकडं रानाच्या कडेला बीडच्या टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या) पडायच्या, त्यामुळं फड (तोडणीचं रान), मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार), उचल (आगाऊ घेतलेले पैसे) हे मला नवीन नाही. कोपीतलं पोर परत वर्गात आल्यावर काय करायचं, ते मात्र डीएडला कुणी शिकवलं नाही. या भागात जुने असलेल्यांनी सांगावं.

केजची बाई

सर, आधी तिसरीच्या पोराचं. पहिलीत बसवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ४ तेच सांगतं: मूल वयाला साजेशा वर्गात, आणि मागं पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवणं. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवा. ते लेकरू सहा महिने फडात होतं. पाणी आणलं, वाढं (उसाचे शेंडे) गोळा केलं, पहाटे अंधारात आईच्या मागं चाललं. त्याला गावात आल्या आल्या पहिलीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसवलं तर दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी शेळ्यांमागं जाईल. मग सकाळची शाळा सोडून डोंगरात त्याला हुडकायला तुम्हालाच जावं लागंल.

मी काय करते ते सांगते. नोकरी सगळी याच पट्ट्यात गेली, आधी आष्टीकडं, आता केज तालुक्यात. परिपाठ झाला की पहिल्या तासाला माझ्याकडं वर्गच नसतात. चारही वर्गांची लेकरं वाचनाच्या पातळीनं बसतात. अक्षर न येणारी एकीकडं, अक्षर येतं पण शब्द जुळत नाही ती दुसरीकडं, उताऱ्यात अडखळणारी फळ्याखाली, गोष्ट वाचणारी व्हरांड्यात. 'असर' ह्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत प्रथम संस्थेवाले ह्याच पायऱ्या बघतात, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. एक कागद लागतो आणि एका लेकराला पाच मिनिटंही लागत नाहीत. आता गंमत बघा. तोडीला कधीच न गेलेली, वर्षभर समोर बसलेली चौथीची दोन-तीन पोरंही शब्दांच्या गटात निघतात. मग परत आलेला तिथं एकटा पडत नाही आणि हसणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. तास संपला की ज्याचा त्याचा वर्ग.

तुम्ही स्वतः अक्षरवाल्यांजवळ बसायचं, तिथून हलायचं नाही. व्हरांड्यातल्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. आवाज येतोय तोवर ठीक, आवाज थांबला की चिंचा पाडायला गेले.

आता कुठून सुरू करायचं. पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान उघडू नका. त्याला विचारा, कुठल्या कारखान्याला होता, गाडी सेंटर, टायर सेंटर का डोकी सेंटर (म्हणजे ऊस बैलगाडीतून, टायरगाडीतून का डोक्यावरून वाहायचा), कोपी कुठं पडली होती, बैलांची नावं काय. बोलू द्या, मध्ये शुद्ध-अशुद्ध काढू नका. तांड्यावरचं लेकरू असेल तर घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलतं, त्याला थोडा जास्त वेळ लागतो. मग त्याच्याच तोंडचे शब्द फळ्यावर घ्या: फड, ऊस, रस, बैल, गाडी, मोळी, वाढं, खेप, कोयता, मुकादम. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं यात येऊन जातं आणि जोडाक्षर एकही नाही. ट्रॅक्टर नंतर घ्या. सप्टेंबरात शब्द वाचणारं पोर मार्चमध्ये अक्षराला अडतं, ते विसरलेलं नसतं, सवय मोडलेली असते. रोज तासभर मिळाला तर शिकलेलं परत वर येतं. जे आधीपासूनच अक्षराला अडत होतं त्याची गोष्ट वेगळी, त्याला उन्हाळ्यातही कुणीतरी लागतं. वस्तीवर दहावी-बारावीची एखादी पोरगी असेल तर आत्ताच बोलून ठेवा.

गणितात ही लेकरं मागं असतात हे मी मानत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. त्या वर्षी परत आलेली चौथीची पोरगी मला टनामागं किती जास्त मिळाले ते तोंडी सांगत होती. टक्केवारी तिच्या पुस्तकात यायला अजून अवकाश होता. संख्यावाचनाचं एक सांगते. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' छापून आलं तेव्हा टीव्हीवर केवढा दंगा झाला. मला तर ते लई कामाला आलं. मध्येच सहा महिने गेलेलं पोर त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितं, 'साठ तीन' म्हटलं की बरोबर लिहितं. महिन्याभरानं मग त्रेसष्टवर या.

त्या चौथीच्या पोरीला भावासकट येऊ द्या. अंगणवाडी जवळ असली तर तिथल्या ताईंशी बोलून त्याला तिथं बसवा, नसली तर मागं एक चटई टाका आणि हातात खडू द्या. 'त्याला घरी ठेवून ये' म्हणालात तर दोघंही घरी राहतील. त्यांची आई कोयता खाली ठेवून लगेच दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायला गेलेली असते, घरी ठेवायचं कुणाजवळ?

संकलित चाचणीला सगळ्यांना बसवा. येईल ते लिहितील. शाळेची सरासरी खाली येते म्हणून काही ठिकाणी अशा लेकरांना 'आज नका येऊ' सांगतात, तसलं काही करू नका. चौथीच्यांकडं मात्र जास्त बघा. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यात आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही राहिलं तर पाचवीतच बसावं लागतं. त्यांना उतारा वाचून दोन प्रश्नांची उत्तरं लिहिता आली पाहिजेत, बाकी पुस्तक राहिलं तर राहू द्या.

तांदळाचंही मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. निम्मा पट खात होता, आता एकदम ताटं वाढतात. लेकरामागं १०० ग्रॅम धरा आणि किती लागणार ते आधीच कळवा, नाहीतर ऐन सकाळच्या शाळेत पोतं संपतं.

हे सगळं मार्चचं झालं. खरं काम सप्टेंबरात असतं. ते नंतर लिहिते, भाकरी थापायच्यात.

परभणीचे निवृत्त गुरुजी

बाईंनी अनुभवाचं लिहिलं आहे. दोन गोष्टी जोडतो आणि एका ठिकाणी विरोध करतो.

पातळीनुसार बसवायचा तो तास वेळापत्रकात लिहून घ्या, टाचण वहीत (रोजच्या पाठाच्या नियोजनाच्या वहीत) त्याची नोंद ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेऊन ठराव करा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तिसरीचा मुलगा दुसरीच्या मुलीशेजारी दिसला की तो आधी कागद मागतो. कागद असला की तोच माणूस चहा घेताना तुमचं कौतुक करून जातो. तुम्ही अजून शिक्षणसेवक आहात, तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत, एवढी काळजी घ्या. परत आलेल्या प्रत्येक मुलाची पहिल्या दिवशीची पातळी आणि तारीख वर्णनात्मक नोंदीत लिहा. चाचणीत त्याला कमी गुण पडले तरी तो कुठून कुठं आला हे त्या नोंदीवरून दाखवता येतं.

मतदारयाद्यांवरून वाद घालू नका. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला देता येतात. बाकीची अंगावर येतील तेव्हा हे कलम पाठ असू द्या.

विरोध गणिताबद्दल. तोंडी हिशोब येणं आणि कागदावर मांडता येणं यात फार अंतर आहे. असा मुलगा पन्नासातून अठरा गेले की बत्तीस हे तोंडी पटकन सांगतो आणि वहीत त्याचं उत्तर अठ्ठेचाळीस येतं, कारण शून्यातून आठ जात नाहीत म्हणून तो आठातून शून्य वजा करतो. तोंडी येतं म्हणून शिक्षक निर्धास्त राहिले की पुढं भागाकाराला मूल कायमचं अडकतं. दशक सुटा करणं काड्यांच्या जुड्या सोडून दाखवलंच पाहिजे, तिसरीतसुद्धा, चौथीतसुद्धा.

लातूरला_असतो

मी शिक्षक नाही, खाजगी नोकरी करतो. पण ते दारात उभं राहणारं पोरगं मी होतो म्हणून लिहायलोय.

गुरुजी, हातच्याची वजाबाकी मला काट्याच्या पावतीवर आली. कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस खाली झाला की रिकाम्या गाडीचं, आणि पावतीवर खाली निव्वळ लिहिलेलं असतं. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, वाचता यायचं नाही. कुणीतरी काट्यात मारतंय हा संशय तर प्रत्येक टोळीला असतोच. म्हणून ते संध्याकाळी पावती माझ्यापुढं धरायचे, बघ रं बरोबर हाय का. चुकून चालायचं नाही. गावात आल्यावर शाळेतली वजाबाकी त्यापुढं काहीच वाटली नाही. सर, तुमच्या वस्तीवर घराघरांत जुन्या पावत्या असतील, मागून बघा.

दुसरं, आमची टोळी बेळगावकडं जायची. तिथली शाळा कानडी. फडाकडं जाताना शाळेच्या भिंतीवरची अक्षरं दिसायची, एक वाचता यायचं नाही. मी तेव्हा दुसरीत. मला खरंच वाटलं होतं की मी वाचायचं विसरलो. तुमची टोळी सांगली-कोल्हापूरला होती का कर्नाटकात, एवढं विचारून घ्या. त्यानं बराच फरक पडतो.

आणि 'कुठं होतास इतके दिवस' हे सगळ्यांसमोर विचारू नका. सगळ्यांना माहीत असतं.

शिरोळचा मास्तर

सगळ्यांचे आभार. पावत्या मागितल्या तर वस्तीवर भरपूर निघाल्या. एका आजीनं पिशवीभर दिल्या आणि परत आणून दे म्हणून बजावलं. टनाचे किलो करून फळ्यावर मांडले. गुरुजींचं खरं निघालं, हातचा बहुतेकांचा अडकला. लातूरच्या दादांचंही खरं निघालं, कारण 'ही तुझ्या पप्पाची गाडी' म्हटल्यावर कुणी फळ्यावरून नजर काढेना. गप्प बसणाऱ्या त्या तिसरीच्या पोरानं त्यांच्या बैलांची नावं सांगितली, ती लिहून घेतली, आणि मग त्यानंच ती वाचून दाखवली. सध्या तेवढंच वाचतो.

पहिलीत बसवण्याचा विषय मुख्याध्यापकांपुढं काढला. ते म्हणाले, ठराव करून घेऊ, मग तू जाण नि तुझा तास जाणे.

बाई, सप्टेंबरचं राहिलं. आणि एक विचारायचं होतं. इथली बरीच कुटुंबं आमच्याच भागात तोडीला जातात हे आत्ता कळलं. तिकडच्या शाळांत माझे ओळखीचे शिक्षक आहेत. आधीच काही जुळवता येईल का?

केजची बाई

का नाही येणार! तुमच्यासारखी दोन्हीकडं ओळख असलेला मास्तर या भागाला सहसा मिळत नाही.

आधी मागं ठेवता येतील त्यांचं बघा. हंगामी वसतिगृह हे नाव ऐकून इमारत डोळ्यापुढं आणू नका. लेकरू झोपायला आजीकडं नाहीतर चुलत्याकडं, दोन वेळचं जेवण गावात, आणि बघायचं शाळा व्यवस्थापन समितीनं. त्यासाठी कोण जाणार, कुणाची लेकरं मागं राहू शकतात याची यादी दसऱ्याच्या आत तयार पाहिजे. घरोघर 'जाणार का' विचारलं तर सगळे 'अजून नक्की नाही' म्हणतात. उचल कुणी घेतली ते विचारा, ते वस्तीवर सगळ्यांना माहीत असतं. ज्यानं उचल घेतली तो जाणारच. मंजुरीची वाट बघत बसलात तर तोवर ट्रॅक्टर हललेला असतो, म्हणून आजी-आजोबांशी बोलणं आधीच करून ठेवा. आजारी आजीजवळ तीन नातवंडं ठेवायला कुणाला सांगू नका, आणि पोरगी मोठी असली की आई मागं ठेवायला भिते. ती भीती खोटी नसते, तिथं ताणून धरू नका.

जी जातीलच त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा चालायच्या, कायदा आल्यापासून लेकरानं जवळच्या नेहमीच्या शाळेतच जायचं असं आहे. पत्रक घेऊन गेलं की तिथली शाळा हजेरी आणि प्रगती त्यात भरते आणि परत येताना ते तुमच्याकडं येतं. यावं अशी अपेक्षा असते. माझ्याकडं बरीच कोरीच येतात, कारण कोपीपासून शाळा लांब, नाहीतर तिथल्या मास्तरला कुणी काही सांगितलेलंच नसतं. तुमची ओळख कामाला येते ती इथं. तुमच्या त्या मित्रांना दिवाळीआधीच नावं, इयत्ता आणि वाचनाची पातळी कळवून टाका. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही हे कलम ५ मध्ये स्पष्ट आहे, तेही जाता जाता सांगा, काही जणांना खरंच माहीत नसतं.

पत्रकावर नुसतं कारखान्याचं नाव लिहू नका. एका कारखान्याच्या हाताखाली कितीतरी गावं असतात आणि टोळी हंगामात एका गावात राहत नाही, फड संपला की पुढच्या गावाला. गटाचा चिटबॉय (कारखान्याचा तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस) कोण, मुकादम कोण, ते लिहा. पत्रक लेकराच्या दप्तरात नको, आईकडं आधारकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा. दप्तराची पहिल्या आठवड्यात उशी होते.

आणि मुकादमाचे दोन नंबर घ्या. पट्टा पडायच्या (हंगाम संपायच्या) आधीच त्यांचा एक बंद झालेला असतो.